बिगाऱ्याचा रोज

घर बांधून पुरे झाले म्हणजे वास्तुशांत होते. गवंड्याला टॉवेल-टोपी मिळते, सुताराला पाकीट मिळते, कंत्राटदाराला पंगतीत मानाचा पाट मिळतो. ज्या बाईने त्या घरातले सिमेंट आणि वाळू घमेल्या-घमेल्याने डोक्यावरून वर नेली, ती त्या दिवशी दुसऱ्याच एखाद्या इमारतीच्या तळावर असते. घरमालकाला तिचे नाव ठाऊक नसते, आणि पुष्कळदा ते कंत्राटदाराच्या वहीतही नसते. तेथे ‘बिगारी ४’ एवढीच नोंद असते. चार म्हणजे चार डोकी. आज समोर बसलेल्या मंडळींपैकी पुष्कळांनी घरे बांधली असतील. त्यांना ही नोंद ओळखीची वाटेल.

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासावर बोलण्यास सांगितले, तेव्हा आम्ही जरा बिचकलो. आमचा अभ्यास कॉलेजातला नव्हे. युनियनच्या कचेरीत जी पुस्तके हाती आली ती वाचून झालेला. पण इतिहास केवळ किल्ल्यांत आणि तहनाम्यांत नसतो, रोज तोंडात येणाऱ्या शब्दांतही असतो, एवढे त्या वाचनाने आम्हांस शिकविले. म्हणून आम्ही ‘बिगारी’ हा एकच शब्द धरून चालणार आहोत.

‘मजूर’ आणि ‘बिगारी’ हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीत आले. मजूर म्हणजे मोबदला घेऊन काम करणारा. त्या शब्दाच्या पोटातच मजुरी आहे. बेगार म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम, आणि अशा कामाला धरून आणलेला माणूस तो बेगारी किंवा बिगारी. आपल्याकडे त्याच्या आधीपासून एक शब्द होताच. संस्कृतातील ‘विष्टि’ म्हणजे सक्तीची, फुकटची राबणूक. तिची मराठी झाली ‘वेठ’. पुढे दोन्ही एकत्र येऊन ‘वेठबिगार’ झाली. राज्ये बदलली, दरबारच्या भाषा बदलल्या, पण ज्याला फुकट राबवायचे त्याच्यासाठी प्रत्येक भाषेने आपापला शब्द तयार ठेवला होता, आणि मराठीने तर दोन्ही जपून ठेवले! सरकारी अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत वाहून नेणे, वाड्याची डागडुजी, रस्त्याचे काम, यांसाठी गावातून माणसे धरून नेली जात. महार वतनदारांचे तर काम किती आणि कोणते याला मोजमापच नव्हते. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली या वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले, त्यात मुख्य आग्रह हाच होता की, कामे ठरवा आणि त्यांचा मोबदला ठरवा. ती वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने नाहीशी करण्यात आली.

वेठ गेली, शब्द मात्र गेला नाही. तो बांधकामाच्या तळावर येऊन राहिला. ज्याला रोज मिळतो, जो दर ठरवून कामावर येतो, त्यालाही आपण ‘ज्याला काही मिळत नाही’ अशा अर्थाचे नाव देतो. हे नुसते भाषेचे आळसलेपण आहे की काही जुने खरोखरच उरले आहे, हा आमचा आजचा प्रश्न.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, न्याय्य मजुरी म्हणजे केवळ चांगला दर, ही समजूत अपुरी आहे. आम्हीही पुष्कळ वर्षे तीच बाळगून होतो. दर ही पहिली गोष्ट खरी. परंतु दर ठरल्यावरही रोज बुडविण्याच्या वाटा अनेक असतात. दिवस किती भरले हे कोण मोजणार? अर्धा दिवस कशाला म्हणायचे? पैसे केव्हा मिळणार, आणि कोणाच्या हातून? बिगाऱ्याचा रोज दरात जितका बुडाला नसेल तितका या मोजणीत बुडाला आहे.

आणि हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र शामशास्त्री यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केले, आणि आपल्या र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथात राजनीती आणि हेरगिरी आहे हे सर्वांना ठाऊक असते. त्यातच कामकऱ्यांच्या वेतनाचे एक प्रकरण आहे, ते मात्र फारसे कोणी उघडत नाही. कौटिल्य म्हणतो की, मजुराशी झालेला कामाचा करार आसपासच्या लोकांना ठाऊक असावा. दर आधी बोललेला असेल तर त्याप्रमाणे वेतन मिळावे. बोललेला नसेल तर काम आणि काळ पाहून ठरावे. वेतन न देणाऱ्याला दंड आहे. वेतन घेऊन काम न करणाऱ्या मजुरालाही बारा पणांचा दंड आहे; उचल घेऊन नाहीसे होणारे त्या काळीही असले पाहिजेत. संघाने काम घेणाऱ्या कामगारांना ठरलेल्या मुदतीवर आणखी सात रात्रींची सवलत आहे. हे वाचताना आमच्यातील युनियनवाल्याला जो आनंद झाला तो आम्ही लपवीत नाही.

पण आमचे डोळे उघडले ते आणखी एका नियमाने. मजूर कामावर हजर झाला आणि मालकाने त्याला काम दिले नाही, तर काय? पूर्वीचे आचार्य म्हणत की, काम झालेच असे धरावे. कौटिल्याला हे मान्य नाही. वेतन केलेल्या कामाचे, न केलेल्याचे नव्हे, असे तो बजावतो. एवढ्यावर तो थांबला असता तर आम्ही त्याला मालकपक्षाचा वकील म्हटले असते. परंतु पुढे तो सांगतो की, थोडेसे जरी काम करवून घेतले आणि मग उरलेले करू दिले नाही, तर ते काम झाले असेच मानावे. ही वाटणी लक्षात ठेवावी, कारण पुढे ती आम्हांस एका पावसाळ्यात उपयोगी पडायला हवी होती, आणि तेव्हा आम्हांस ती ठाऊक नव्हती. अर्थात ग्रंथातला नियम म्हणजे व्यवहार नव्हे. याच ग्रंथात विष्टीही आहे, आणि दासही आहेत. तरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला अर्ध्या दिवसाचा तंटा सोडवावासा वाटला, ही गोष्ट लहान नाही.

आता एकदम एकोणिसाव्या शतकातील पुण्याकडे येऊ. महात्मा जोतीराव फुले यांना आपण शाळा काढणारे, सत्यशोधक समाजाचे संस्थापक म्हणून ओळखतो. ते बांधकामाचे कंत्राटदार होते हे आपण एका ओळीत सांगून पुढे जातो. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या व्यवहारात ते होते. खडकवासल्याच्या धरणाच्या कामासाठी दगड पुरविण्याचे काम त्यांनी घेतले होते. म्हणजे खाणीवर सुरुंगाचा आवाज ऐकत, गाड्या मोजत, मजुरांच्या घोळक्यात उभे राहिलेले ते गृहस्थ होते. बांधकाम खात्यातील लबाडीवर त्यांनी जे कोरडे ओढले, ते ऐकीव माहितीवर नव्हेत. कंत्राटदाराचे बिल कोठे अडते, पास होताना कोणाचे हात ओले करावे लागतात, आणि शेवटी ती तूट कोणाच्या अंगावर उतरते, हे कंत्राटदारालाच सर्वांत आधी दिसते. पाहून गप्प बसणारे पुष्कळ, लिहिणारा एखादाच.

त्याच सुमारास १८७६-७७ चा दुष्काळ पडला. सरकारने दुष्काळी कामे काढली: खडी फोडणे, रस्ते, तलाव. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी या कामांवरील मजुरी कमी करून पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा अशी ठरविली. पौंड म्हणजे आजचे साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची! मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. त्यांची युनियन नव्हती, पुढारी नव्हता. भुकेलेला माणूस अन्नाच्या दारातून उठून जातो, तेव्हा त्याने मनाशी काही हिशेब केलेला असतो. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या प्रकरणी सरकारकडे तक्रारी केल्या. आपल्याकडच्या संपांच्या इतिहासात या घटनेला आम्ही गिरण्यांच्या आधीचे पान देतो.

गिरण्यांचे पान नारायण मेघाजी लोखंडे यांचे. ते फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन तयार केले, त्यातील मागण्या पाहा. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा वेळ, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. यात दरवाढ नाही. जो माणूस गिरणगावात रोज वावरत होता त्याने आधी काय मागितले? वेळ मोजा आणि पगाराची तारीख पाळा. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, ती आज ऑफिसात जाणारा प्रत्येक जण उपभोगतो. बिगाऱ्याला ती अजूनही बिनपगारी आहे.

गिरणीला निदान फाटक होते, भोंगा होता. रोजंदारीच्या मजुराला फाटक नाही, त्याला नाका आहे. मोठ्या गावांत आणि शहरांत सकाळी आठच्या सुमारास हा मजूर अड्डा भरतो. गवंड्याच्या पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावतो, रंगाऱ्याच्या हातात ब्रश असतो, बिगाऱ्याच्या हातात नुसता जेवणाचा डबा. नाक्याचा एक नियम सर्वांना पाठ असतो: नऊ वाजेपर्यंत मजूर दर सांगतो, दहा वाजता गिऱ्हाईक दर सांगते. साडेदहाला कोणीच काही सांगत नाही. पॅरिस शहरात सीन नदीच्या काठी ग्रेव्ह नावाचा चौक होता. तेथेही असेच रोजंदारी मजूर कामाच्या शोधात उभे राहत. त्या चौकाच्या नावावरून फ्रेंच भाषेत संपाला ‘ग्रेव्ह’ हा शब्द पडला. त्यांच्या नाक्याने भाषेला संप दिला, आमच्या नाक्यावर बिगारीच राहिला. असो, हे जरा आडवाटेचे झाले.

नाक्यावर किंवा गावाकडे मजूर गोळा करणारा मुकादम हा या इतिहासातला मधला माणूस. लातूर, नांदेड, सोलापूर, कर्नाटकाची सीमा, आणि अलीकडे बिहार, छत्तीसगड, बंगालपर्यंत त्याचे हात पोहोचतात. सणाच्या आधी तो उचल देतो, टोळी बांधतो, कामावर आणून सोडतो. त्याला नुसते शिव्या देणे सोपे आहे. परक्या गावी झोपडीची जागा, दुकानात उधारी, आजारपणात दवाखाना, हे सर्व तोच पाहतो. पण हजेरीही त्याच्याच हाती, पगारही त्याच्याच हातून, आणि कापणीही त्याचीच.

१९८२ च्या एशियाड खेळांसाठी दिल्लीत स्टेडियमे आणि इमारती उभ्या राहत होत्या. तेथील मजुरांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला. तेव्हा किमान रोज ९ रुपये २५ पैसे होता. कंत्राटदार पैसे जमादारांच्या हाती देत, आणि जमादार माणशी रोज एक रुपया कापून ८ रुपये २५ पैसे मजुराच्या हातावर ठेवीत. बायकांना तर सातच रुपये मिळत असल्याची तक्रार होती. समान वेतनाचा कायदा १९७६ साली होऊन गेला होता, तरीही. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाने जे सांगितले ते या व्याख्यानाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमात वेठबिगारीला मनाई आहे, आणि इंग्रजी मसुद्यातसुद्धा तेथे ‘बेगार’ हाच शब्द आहे. इंग्रजीला त्याच्या तोडीचा शब्द मिळाला नसावा. न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करणारा माणूस कोणी बंदूक रोखली म्हणून नव्हे, तर पोटाच्या सक्तीने काम करीत असतो. ही सक्तीची मजुरीच होय. म्हणजे जमादाराने कापलेल्या त्या एका रुपयामुळे मजुराचा बिगारी होतो, अगदी जुन्या अर्थाने. आणि याची जबाबदारी जमादारावर ढकलून मोकळे होता येणार नाही. काम ज्याचे त्याच्यावरही ती आहे, असेही न्यायालयाने बजावले.

आता आमच्या अनुभवाची एक गोष्ट सांगतो. ती मोठ्या स्टेडियमची नाही. सहा माणसांच्या कामाची आहे.

२००९ साली एका जिल्ह्याच्या गावी एक छोटे कंत्राटदार होते. पूर्वाश्रमीचे गवंडी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. एका नोकरदाराच्या दुमजली घराचे काम त्यांनी चौरस फुटाच्या दराने अंगावर घेतले होते. त्यांच्याकडे दोन गवंडी, रोज ३०० रुपये. दोन पुरुष बिगारी, १८० रुपये. दोन बायका, १२० रुपये. जुलैअखेर त्या दोन बायकांपैकी एक आमच्या कचेरीत आली. तिला सगळे अक्का म्हणत. तिच्या हातात एक पत्र्याचा डबा होता. तो तिने टेबलावर उपडा केला, तर आतून चिंचोके निघाले. मोजले, सव्वीस. कामावर गेलेल्या प्रत्येक दिवसाचा एक. अण्णांच्या वहीत मात्र तिचे बावीस दिवस होते.

“लिवता येत न्हाई मला,” ती म्हणाली, “पर मोजता येतंया.”

मधले चार दिवस पावसाचे होते. त्या चारही दिवशी सकाळी काम सुरू झाले होते, माल कालवला गेला होता, तिने घमेली वाहिली होती; मग दहा-अकराच्या सुमारास पाऊस लागला आणि अण्णांनी सर्वांना घरी पाठविले. गवंड्यांना त्यांनी अर्धा रोज दिला, कारण गवंडी हातचा गेला तर परत मिळत नाही. बिगाऱ्यांना काहीच नाही, कारण बिगारी नाक्यावर उभेच असतात.

आम्ही काय केले? संघटनेच्या सवयीप्रमाणे दुसऱ्या दिवशी अण्णांच्या कामावर जाऊन नोटीस लावली आणि घोषणा दिल्या. घरमालक घाबरले. ‘भानगड मिटेपर्यंत काम बंद,’ असे त्यांनी अण्णांना सांगितले. आठ दिवस काम बंद राहिले आणि सहाही माणसांचे आठ दिवसांचे रोज गेले. चार दिवसांसाठी भांडून आठ दिवस घालविले. ती चूक आमची होती, आणि अक्काने ती आम्हांस तोंडावर सांगितली.

मग आम्ही अण्णांच्या घरी बसलो. त्यांनी वही पुढे टाकली. स्लॅबचा हप्ता मालकाने दोन महिने दिलेला नव्हता. सिमेंटच्या दुकानात उधारी होती. मजुरांचे बाजाराचे पैसे देण्यासाठी घरातले सोने गहाण पडले होते. “मी कुणाचं बुडवलं नाही हो,” ते म्हणाले, “माझंच वर अडकलंय.” ते खोटे बोलत नव्हते. छोट्या कंत्राटदाराची गोम येथेच आहे. सिमेंटचा भाव त्याच्या हातात नाही, लोखंडाचा नाही, वाळूचा तर नाहीच. चौरस फुटाचा दर त्याने शेजारच्या कंत्राटदाराहून चार रुपये कमी सांगून काम मिळविलेले असते. अशा वेळी ओढाताण झाली की खर्चाची एकच बाजू दाबली जाते, आणि ती म्हणजे माणसाचा रोज. तो स्वतः कालपर्यंत तेथेच उभा होता, हे त्याला आठवत नाही असे नाही. आठवून करणार काय?

तरी हिशेब केला. सहा माणसांचा दिवसाचा रोज १,२०० रुपये. २६ दिवसांचे ३१,२०० रुपये. पावसाच्या चार दिवसांचा सर्वांना अर्धा रोज दिला असता, तर ते २,४०० रुपये होते; त्यांतले गवंड्यांचे १,२०० अण्णांनी दिलेलेच होते. म्हणजे सारे भांडण बाराशे रुपयांचे! जुलैत पाऊस पडतो हे अण्णांना गवंडी असल्यापासून माहीत होते. दर सांगताना पावसाचे दिवस त्यांनी धरले नव्हते, एवढेच. त्या घराच्या दर्शनी भिंतीला जी फरशी बसविली तिची किंमत बाराशेच्या कितीतरी पट होती, आणि मालकांनी ती हसत दिली. फरशीची पावती असते. पावसाने बुडालेल्या दिवसाची नसते.

त्या बैठकीत जे ठरले ते कोणत्याही कायद्यातून उतरवून घेतलेले नव्हते. रोज संध्याकाळी हत्यारे धुताना अण्णांनी वही सर्वांसमोर मोठ्याने वाचायची. नावाने, संख्येने नव्हे. काम सुरू होऊन जेवणाच्या सुट्टीपूर्वी थांबले तर अर्धा रोज, जेवणानंतर थांबले तर पूर्ण, आणि ते सर्वांना सारखे. पगार बाजाराच्या आदल्या संध्याकाळी. बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला मिळालेला पगार उतरलेल्या भाजीलाच उपयोगी पडतो. आणि मजुरीची रक्कम मालकांनी हप्त्यात न धरता दर आठवड्याला वेगळी द्यायची. या शेवटच्या गोष्टीला मालक नाराज होते. पण आठ दिवस अर्धवट भिंती पाहून त्यांनाही पुरे झाले होते. बायकांच्या रोजाचा विषय मात्र अर्धाच सुटला. घमेले भरणाऱ्याला १८० आणि ते डोक्यावरून जिना चढविणारीला १२०, हे कोणत्या न्यायाने, याला अण्णांजवळ उत्तर नव्हते. त्यांनी १५० केले. पुढची दोन वर्षे आम्ही त्यावर भांडत होतो.

कौटिल्याचा तो नियम आम्ही यानंतर कित्येक वर्षांनी वाचला. थोडे काम करवून घेऊन थांबविले तर ते झाले असेच मानावे. आणि शेजाऱ्यांना करार ठाऊक असावा. आम्ही वही मोठ्याने वाचायला लावली तेव्हा आम्ही काही नवे शोधले असे वाटले होते!

कायद्यांची हकीकत थोडक्यात सांगतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात बांधकाम आणि खडी फोडणे ही कामे पहिल्यापासून होती. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा वीस माणसांपासून लागू झाला, १९९६ चा इमारत व बांधकाम कामगारांचा कायदा दहापासून. सहा माणसांचे अण्णा दोन्हींच्या जाळ्याबाहेर. त्यांना लागू होता तो किमान वेतनाचाच. २०१९ ची वेतनसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्याप्रमाणे रोजावर घेतलेल्याचे पैसे दिवसाचे काम संपताच द्यायचे, आठवड्याच्या बोलीवर घेतलेल्याचे सुट्टीच्या आदल्या कामाच्या दिवशी, आणि कामावरून कमी केले तर दोन कामाच्या दिवसांत सारा हिशेब. लोखंडे यांनी १८८४ साली मागितलेली तारीख अशी हळूहळू पुढे सरकत आली आहे.

रोजच्या रोज मालक बदलणाऱ्या माणसाची नोंद ठेवणे अशक्य आहे असे जे म्हणतात, त्यांच्यासाठी महाराष्ट्राजवळ स्वतःचे उदाहरण आहे. १९६९ चा माथाडी कायदा. हमालाला एक मालक नसतो, बाजारपेठेत दहा असतात. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लढ्यातून असे मंडळ उभे राहिले की, व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने हमालाला पगार, रजा, भविष्यनिधी द्यायचा. पाठीवर पोते वाहणाऱ्याला पगारपत्रक मिळाले. घमेले वाहणारीला ते का मिळू नये?

बांधकाम मजुरांसाठी महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ स्थापन झाले ते २०११ साली. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, त्यातून नोंदणी झालेल्या मजुरांना मुलांच्या शिक्षणासाठी, बाळंतपणासाठी, अपघातासाठी साहाय्य मिळते. नोंदणीची मुख्य अट अशी की, मागील वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. नव्वद दिवस कोण मोजणार? नाक्यावरचा मजूर वर्षात तीस ठिकाणी काम करतो. त्याला दाखला देणारे तीसांपैकी एकही नसते. मग दाखले विकत मिळू लागतात, आणि ज्याने आयुष्यात घमेले उचलले नाही तोही बांधकाम मजूर म्हणून नोंदला जातो, अशी तक्रार ठिकठिकाणी ऐकू येते.

२०१२ साली अक्का नोंदणीसाठी आमच्या कचेरीत आली. बरोबर अण्णा होते, काखेत तीन वह्या. त्यांनी पाने उलटून तिच्या नावापुढचे दिवस मोजले; मागच्या बारा महिन्यांचे १४३ भरले. त्यांनी दाखल्यावर सही केली. आम्ही तिचा अर्ज लिहू लागलो. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात आम्ही ‘बांधकाम मजूर’ असे लिहिले. काय लिहिले, असे तिने विचारले. आम्ही वाचून दाखविले.

“बिगारी लिवा की,” ती म्हणाली, “मला समदी तसंच वळखत्यात.”

आम्ही अण्णांकडे पाहिले. ते वह्या बांधीत होते.